बसमध्ये अर्धं, थिएटरात पूर्ण

कुर्डुवाडीहून सोलापूरला जाणाऱ्या साध्या एस.टी.चं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यांत मोजलं जातं. अंतर ८०-८५ किलोमीटर, म्हणजे चौदा टप्पे. २५ जानेवारी २०२५ पासून साध्या बसचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला, तेव्हा एका माणसाचं एकेरी भाडं झालं साधारण १४० रुपये. मात्र सगळं घर निघालं की हा हिशेब बदलतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. बारा वर्षांपर्यंतच्या पोराला अर्धं आहे. आजोबा पासष्टीचे असतील तर त्यांनाही अर्धं, आणि आजी पंचाहत्तरी ओलांडलेली असेल तर तिचा प्रवास फुकट.

हेच घर सोलापुरात उतरून मल्टिप्लेक्सच्या खिडकीशी पोहोचतं. तिथं बाईला सवलत नाही, शाळकरी पोराला नाही, आजीला तर नाहीच नाही. तीन वर्षांवरचं मूल म्हणजे एक पूर्ण खुर्ची, असा बहुतेक मल्टिप्लेक्सचा नियम. एस.टी. माणसाचं वय बघते, थिएटर नुसती डोकी मोजतं. सहकुटुंब सिनेमा महाग का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या फरकात आहे.

एक घर धरून चालू. आई, वडील, आठवी-नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. एस.टी.चे जायचे ३५० आणि यायचे ३५०. स्टँडपासून थिएटरपर्यंत रिक्षा, दोन्ही वेळचे मिळून दीडशे तरी. तिकिटाचा आकडा कुठला धरावा? पीव्हीआर आयनॉक्स ही देशातली सर्वांत मोठी थिएटर-साखळी. २०२४-२५ मध्ये तिचं सरासरी तिकीट २५९ रुपये होतं आणि प्रत्येक प्रेक्षक खाण्यापिण्यावर सरासरी १३४ रुपये खर्च करत होता. या सरासरीत मुंबई-दिल्ली-बेंगळुरूचं वजन मोठं, म्हणून सोलापूरसाठी तिकीट १८० रुपयेच धरू. चौघांचे झाले ७२०. खाण्याचे, वरचीच सरासरी घेतली तर, ५३६. बेरीज २,१०० रुपयांच्या वर जाते. त्यात रात्रीचं जेवण नाही, नवा ड्रेस हवा म्हणून मुलीनं धरलेला हट्ट नाही, आणि बस चुकली तर करावी लागणारी खासगी गाडीही नाही.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे चार माणसांचा अडीच तासांचा सिनेमा जवळपास सात दिवसांच्या मजुरीला पडतो. कुर्डुवाडीच्या माढा तालुक्यात उसावर, डाळिंबाच्या बागेत किंवा दुकानात राबणाऱ्या माणसाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा लागत नाही. तो मनातल्या मनात होतो आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे उत्तर तयार असतं.

या बेरजेत प्रवास आणि तिकिटं जवळजवळ बरोबरीला येतात, ही खरी गंमत. मल्टिप्लेक्सच्या महागाईवरची बहुतेक चर्चा मोठ्या शहरात बसून होते, म्हणून ती पॉपकॉर्नपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. कुर्डुवाडीच्या घराचं निम्मं पाकीट पॉपकॉर्नच्या आधीच हलकं झालेलं असतं. आणि हे घडतं ते कुठल्या गावात, तर १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाल्यापासून ज्याचा संसारच येणाऱ्याजाणाऱ्यांवर उभा राहिला त्या गावात. तेव्हा या स्थानकाचं नाव होतं बार्शी रोड. इथून पुढं पंढरपूर, लातूर, मिरज असे फाटे फुटत गेले, गाड्यांचा कारखाना आला, मोठ्या मार्गावरचं जंक्शन झालं. आजही सकाळी सोलापूरहून निघणारी हुतात्मा एक्सप्रेस कुर्डुवाडीच्या प्रवाशाला दुपारच्या आत पुण्यात सोडते आणि संध्याकाळी पुण्याहून निघून परत आणते. पुण्यात दुपारचा खेळ बघून रात्री घरी, असा बेत वेळापत्रकात चपखल बसतो. बजेटमध्ये बसत नाही, कारण पुण्यात तिकीट सोलापूरपेक्षा चढं आणि दिवसभराचं खाणं बाहेरचं.

पूर्वी सिनेमा स्वस्त होता असं घराघरांत सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. जुन्या थिएटरात बाल्कनीचं तिकीट सगळ्यांनाच परवडत होतं असं नाही. परवडत होता तो खाली उतरण्याचा रस्ता. बाल्कनी नाही तर फर्स्ट, फर्स्ट नाही तर सेकंड, आणि अगदीच खिसा रिकामा असेल तर पडद्याजवळचं थर्ड, म्हणजे लोकांच्या भाषेत पिट. तिथं मान वर करून बघावं लागायचं, बाकांत ढेकूण असायचे, शिट्ट्या आणि चिल्लर दोन्ही उडायचं. पण पिक्चर तोच, त्याच वेळी, त्याच पडद्यावर. जे घर बाल्कनीत बसू शकत नव्हतं ते सेकंडला बसायचं. घरी बसत नव्हतं.

कमी पैशांत सिनेमा बघण्याचा दुसरा रस्ता होता थांबण्याचा. चित्रपटाची एक प्रिंट काढायला पन्नास-साठ हजार रुपये लागायचे, त्यामुळे वितरक मोजक्याच प्रिंट काढायचे. त्या आधी मुंबई-पुण्यात, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला फिरायच्या. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या रेल्वेनं, एस.टी.च्या टपावरून गावोगाव जायच्या. पेटी वेळेवर आली नाही तर खेळ उशिरा लागायचा आणि थिएटरच्या दारात गोंधळ व्हायचा. लहान गावात येईपर्यंत प्रिंटवर पाऊस पडल्यासारख्या रेघा आलेल्या असत, मधली दोन-चार दृश्यं तुटलेली असत, आणि पुण्यातल्या नातेवाइकांनी शेवट आधीच सांगून टाकलेला असे. या शिळेपणाची किंमत तिकिटात वजा व्हायची. ज्याला घाई नाही त्याला स्वस्त, हा बाजाराचा जुना न्याय इथंही चालायचा.

याहून खालची पायरी म्हणजे जत्रेतला तंबू. पश्चिम महाराष्ट्रातल्या यात्रांत टुरिंग टॉकीजचे ट्रक यायचे, त्यातच प्रोजेक्टर बसवलेला असायचा, ताडपत्रीखाली जमिनीवर बसून शेकडो माणसं सिनेमा बघायची. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या सिनेमावाल्यांमागं वर्षानुवर्षं हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ च्या कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. त्यात दिसणारे तंबूवाले रिळांचे प्रोजेक्टर मोडीत काढून डिजिटलकडे वळताना दिसतात. जत्रेतल्या सिनेमाची खासियत अशी की घर सिनेमाला जात नसे, सिनेमाच घराजवळ येई. प्रवासखर्च तंबूवाला सोसायचा.

दोन हजार सालानंतरच्या पाच-दहा वर्षांत खाली उतरण्याचा आणि थांबण्याचा, हे दोन्ही रस्ते बुजले. उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवरून चित्रपट थेट थिएटरात पोहोचू लागला आणि प्रिंटची पेटी गेली. यात वाईट काहीच नव्हतं. मुंबईत शुक्रवारी लागलेला पिक्चर त्याच शुक्रवारी तालुक्याच्या गावी लागू लागला, रेघांशिवाय. पण चित्रपटाचं आयुष्यही त्याबरोबर आखडलं. सगळीकडे एकदम लागतो आणि बहुतेकदा दोन आठवड्यांत उतरतो. थांबून स्वस्तात बघायची सोय उरली नाही. आता थांबणाऱ्याला थेट मोबाइलवरच बघायला मिळतं.

वर्गवारी मोडली ती मल्टिप्लेक्सनं. दिल्लीतल्या साकेत इथं १९९७ मध्ये पीव्हीआर अनुपम सुरू झालं आणि देशात ही पद्धत रुजली. महाराष्ट्र सरकारनं २००१ च्या धोरणात नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षंही मोठी सूट दिली. त्या काळी मुंबईसारख्या शहरात करमणूक कर ४५ टक्क्यांपर्यंत होता, हे लक्षात घेतलं की सवलत केवढी होती ते कळतं. एका बाजूला पाच वर्षं कराची माया, दुसऱ्या बाजूला पूर्ण कर भरणारी जुनी एकपडदा थिएटरं, अशी ती शर्यत होती. निकाल ठरलेलाच होता. नव्या थिएटरात खुर्ची मऊ, हवा थंड, स्वच्छतागृह वापरण्याजोगं. घरातल्या बायकांना याचं मोल किती होतं हे पुरुषांनी लिहिलेल्या जुन्या आठवणींत सहसा सापडत नाही. पण पिट गेलं. आता मागची रिक्लायनर सोडली तर सगळ्या खुर्च्यांचा भाव दहा-वीस रुपयांच्या फरकानं सारखाच.

थिएटरवाला मात्र तिकिटातून गब्बर होतो ही समजूत चुकीची आहे. २०० रुपयांचं तिकीट घ्या. त्यात १८ टक्के जी.एस.टी. आतच धरलेला असेल तर सुमारे साडेतीस रुपये करात जातात. उरले १६९ रुपये ५० पैसे. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात पैशांच्या वाटणीवरून एवढं वाजलं की एप्रिलपासून जवळजवळ दोन महिने मोठे हिंदी चित्रपट लागलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्यात निव्वळ उत्पन्नाचा निम्मा वाटा चित्रपटवाल्यांचा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढं तीस. म्हणजे पहिल्या आठवड्यात आपल्या दोनशेतले ८५ रुपयेसुद्धा थिएटरच्या हाती पूर्ण येत नाहीत. त्यातूनच मॉलचं भाडं, वीज, पगार. जितके दिवस चित्रपट टिकेल तितका थिएटरचा वाटा वाढतो, पण चित्रपट तर दोन आठवड्यांत उतरतो.

पॉपकॉर्नला वाटेकरी नाही. ना निर्माता, ना वितरक, ना नायक. मल्टिप्लेक्स कंपन्यांच्या हिशेबात खाद्यपदार्थांच्या कच्च्या मालावर जाणारा खर्च विक्रीच्या पाव भागाच्या आसपास असतो, बाकीचं थिएटरचं. मुद्दाम सांगायला हवं ते हे की तिकीट विकण्याचा धंदा आणि खाणं विकण्याचा धंदा एकाच छताखाली आहेत आणि पहिला दुसऱ्यासाठी गिऱ्हाईक गोळा करतो. अमेरिकेत १९३० च्या मंदीत हेच घडलं. त्याआधी तिथल्या ऐटबाज थिएटरांना गालिच्यावर मक्याच्या लाह्या सांडलेल्या खपत नव्हत्या. विक्रेते दाराबाहेर उभे राहत. मंदीत पाच-दहा सेंटच्या लाह्यांनी थिएटरं तगवली आणि गाडा दाराबाहेरून आत आला. आपल्याकडं मध्यंतर ही त्याच व्यवहाराची जागा. परदेशी चित्रपट सलग बघण्यासाठी बनवलेला असला तरी आपल्या थिएटरात तो मधोमध थांबतो, दिवे लागतात, आणि पंधरा मिनिटं सगळं थिएटर एका काउंटरकडे वळतं.

जुन्या एकपडदा थिएटरात इंटर्व्हलला बाहेर पडता यायचं. दारावरचा माणूस गेटपासचा कागद हातात ठेवायचा, समोर वडे तळले जात असायचे, चहाची किटली फिरायची, शेंगदाण्याचा कागदी कोन रुपया-दोन रुपयांना. थिएटरच्या कँटीनला त्या गाड्याशी स्पर्धा करावी लागे, म्हणून तिथलाही भाव आटोक्यात राही. मॉलच्या चौथ्या मजल्यावर ही स्पर्धाच संपते. पंधरा मिनिटांत खाली जाऊन वर येणं होत नाही. आणि आत येतानाच पिशवी तपासली जाते. टेबलामागची मुलगी हातमोजा घालून पर्स उघडते, पाण्याची बाटली बाजूला काढते, चिवड्याची पुडी बाजूला काढते. शेंगाचटणी लावलेली पोळी गुंडाळून आणलेली असेल तर तीही त्या टेबलावर. सोलापूर जिल्ह्यातली आई प्रवासाला निघताना डबा घेणार नाही, ही कल्पना ज्या कुणी हा नियम केला त्याच्याच डोक्यात आली असेल.

या टेबलावरून महाराष्ट्रात २०१८ मध्ये बरंच राजकारण झालं. जैनेंद्र बक्षी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती: बाहेरचं खाणं अडवणारा कायदा दाखवा. जूनच्या अखेरीस पुण्यात मनसेच्या कार्यकर्त्यांनी खाद्यपदार्थांच्या दरांवरून एका मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकाला मारहाण केली. जुलैत नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी जाहीर केलं की १ ऑगस्टपासून बाहेरचे पदार्थ नेता येतील आणि एकाच वस्तूच्या दोन छापील किमती चालणार नाहीत. घराघरांत आनंद झाला. तो फार टिकला नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सरकारनंच न्यायालयात प्रतिज्ञापत्र देऊन सांगितलं की बाहेरचं खाणं आत येऊ दिलं तर सुरक्षेला धोका होऊ शकतो. विमानात डबा नेता येतो, मग थिएटरात का नाही, अशा अर्थाचा प्रश्न न्यायालयानं तेव्हा विचारला होता. प्रश्न रास्तच होता. चिवड्यानं अजून कुणाची सुरक्षा बिघडवल्याचं ऐकिवात नाही.

वादाचा निकाल मात्र मुंबईत नव्हे, दिल्लीत लागला, आणि तोही जम्मूच्या प्रकरणात. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बाहेरचे पदार्थ आत नेऊ द्या असा आदेश दिला होता. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह यांच्या पीठानं तो रद्द केला. थिएटर ही मालकाची खासगी मालमत्ता आहे, प्रवेशाच्या अटी त्यानं ठरवाव्यात, प्रेक्षकाला न पटल्यास त्यानं जाऊ नये, असं सूत्र. कुणी जिलबी आणली आणि चिकट हात खुर्चीला पुसले तर साफ कोण करणार, हे सरन्यायाधीशांचं उदाहरण सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. त्याच निकालातल्या दोन गोष्टी मात्र फार कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत: पिण्याचं स्वच्छ पाणी प्रेक्षकाला फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या मुलासाठी आईवडिलांना वाजवी प्रमाणात खाणं आत नेता आलं पाहिजे. पाण्याची विकत बाटली घेण्याआधी नळ कुठं आहे ते विचारावं. तो असतो. बहुधा स्वच्छतागृहाच्या बोळात, काउंटरपासून शक्य तितका लांब.

बाटलीच्या छापील किमतीचा प्रश्नही दिसतो तितका सरळ नाही. १ जानेवारी २०१८ पासून एकाच पाकीटबंद वस्तूवर दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापायला मनाई झाली. पण त्याच्या तीनेक आठवडे आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं हॉटेलांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं देण्याची मुभा दिली होती, कारण तिथं नुसती वस्तू विकली जात नाही, सेवाही दिली जाते. मोजून-मापून बादलीत भरलेल्या पॉपकॉर्नवर तर छापील किंमतच नसते. म्हणून मेनूवर बाटली कमी आणि बादली, ग्लास, ट्रे जास्त.

कराचं काय? जुलै २०१७ पर्यंत महाराष्ट्रात १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याचा वारसा चालत होता आणि मराठी चित्रपटांना त्यातून माफी होती. सोलापूरच्या थिएटरात हिंदी चित्रपटापेक्षा मराठी चित्रपटाचं तिकीट स्वस्त असण्याचं ते मुख्य कारण. १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला, करमणूक कर गेला आणि माफीही गेली. सुरुवातीला शंभरावरच्या तिकिटाला २८ टक्के, शंभरापर्यंत १८. जानेवारी २०१९ पासून ते १८ आणि १२ झाले. ‘छावा’ फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला तेव्हा मध्य प्रदेश आणि गोव्यानं तो करमुक्त केल्याची घोषणा केली, आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या महाराष्ट्रात तो करमुक्त का नाही म्हणून ओरड झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं उत्तर होतं की आपण करमणूक कर २०१७ लाच रद्द केला, आता माफ करायला राज्याकडं तो करच नाही. दुसऱ्या राज्यांत करमुक्त म्हणजे राज्याच्या वाट्याचा निम्मा जी.एस.टी. सरकार सोसतं. दोनशेच्या तिकिटात ती सूट सुमारे पंधरा रुपयांची. चौघांचे साठ. कुर्डुवाडी-सोलापूर एका अर्ध्या तिकिटाएवढेही नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ च्या दरबदलात एक गोष्ट लहान गावांच्या कामाची घडली. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर ५ टक्क्यांवर आला; त्यावरच्या तिकिटावर १८ टक्केच राहिला. म्हणजे मूळ दर १०० असेल तर प्रेक्षक १०५ देतो, आणि १०१ असेल तर ११९. एका रुपयाच्या पायरीवर चौदा रुपयांची उडी. तालुक्याच्या थिएटरनं ९०-१०० च्या घरात तिकीट ठेवावं यासाठी याहून मोठं आमिष नाही. मोठ्या मल्टिप्लेक्सला शनिवार-रविवारी त्याचं काही देणंघेणं नाही. कर-चर्चेत पॉपकॉर्ननं डिसेंबर २०२४ मध्ये जी करमणूक केली तीही नोंदवायला हवी: सुटे खारे पॉपकॉर्न ५ टक्के, पाकीटबंद १२ आणि साखरेच्या पाकातले १८ टक्के, असा खुलासा जैसलमेरच्या बैठकीनंतर आला, आणि आठवडाभर देश दुसरं काही बोलला नाही.

सवलती नाहीतच असं नाही. राष्ट्रीय सिनेमा दिनी २०२२ मध्ये ७५ रुपयांत, २०२३ आणि २०२४ मध्ये ९९ रुपयांत कुठलाही चित्रपट बघता आला आणि थिएटरं तुडुंब भरली. पीव्हीआर आयनॉक्सनं ऑक्टोबर २०२३ मध्ये महिन्याला ६९९ रुपयांत दहा चित्रपटांचा पास काढला. मंगळवारी ९९ ते १४९ चं तिकीट २०२५ मध्ये आलं. काउंटरवरही सोमवार ते गुरुवार दिवसा ९९ रुपयांपासूनचे पदार्थ मिळू लागले. या सगळ्यांतला धागा एकच. स्वस्ताई शनिवार-रविवार सोडून. पास एका माणसाचा. जो एकटा आहे, शहरात राहतो आणि ज्याला मंगळवारी दुपारी वेळ आहे, त्याच्यासाठी सिनेमा गेल्या काही वर्षांत खरोखर स्वस्त झाला. घराला मंगळवारी शाळा असते, दुकान असतं, ट्यूशन असते. ऐंशी किलोमीटर जायचं तर रविवारच हवा, आणि रविवारी भाव चढा.

जुन्या थिएटरात स्वस्तात बघायचं तर पुढं बसायचं किंवा थांबायचं. नव्या थिएटरात स्वस्तात बघायचं तर वार बदलायचा. पहिल्या दोन्ही युक्त्या घराला जमायच्या. तिसरी जमत नाही.

तिकिटाचा दर मागणी कमी झाल्यावरही का उतरत नाही, हे कोडंच आहे. २०२३-२४ मध्ये पीव्हीआर आयनॉक्सच्या चार खुर्च्यांपैकी साधारण एकच भरत होती. पण रिकामी खुर्ची निम्म्या दरात विकली तर रविवारी पूर्ण दर देणाराही तिथं सरकेल ही भीती, आणि मोठा चित्रपट लागला की तीच खुर्ची ३०० ला जाईल ही आशा. या दोहोंच्या मधे घर अडकतं.

घर मनावर घेतं तेव्हा काय होतं याचे दाखले मात्र सोलापूर जिल्ह्याला नवे नाहीत. कुर्डुवाडीहून पुण्याच्या दिशेनं गेलं की केम, मग जेऊर. नागराज मंजुळे याच जेऊरचे. करमाळा तालुक्यात चित्रीत झालेला त्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि शंभर कोटींची उलाढाल करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला गर्दी आवरेना म्हणून मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. पहाटे तीनला सिनेमाला जाणारं गाव तिकिटाचा भाव विचारत नाही असं कुणी म्हणेल. खरं म्हणजे भाव विचारूनच जातं, कारण एकपडदा थिएटरचा तो भाव त्याच्या आवाक्यातला होता आणि थिएटर चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

३० जून २०२३ ला लागलेल्या ‘बाईपण भारी देवा’ची गोष्ट आणखी बोलकी. केदार शिंदे यांच्या या चित्रपटानं ७५ कोटींच्या पुढं मजल मारली, आणि ती मारली बायकांच्या घोळक्यांनी. भिशीच्या मैत्रिणी, जावा-नणंदा, शाळेतल्या शिक्षिका, नऊवारी नेसून, गॉगल लावून, नवऱ्यांना घरी ठेवून थिएटरात आल्या. त्याआधी तीन-साडेतीन महिने एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट झालं होतं. दोन्हींचा संबंध कुणी मोजून दाखवलेला नाही, तरी तालुक्याच्या गावातल्या पाचजणींचा गट जिल्ह्याला जाणं निम्म्या भाड्यात होतं, हा साधा हिशेब दुर्लक्षिण्यासारखाही नाही. १९९१ च्या ‘माहेरची साडी’च्या वेळी अशाच बायका खेड्यापाड्यांतून आल्या होत्या. चित्रपट घरातल्या बाईनं ठरवला की घर जातं, हे वितरकांना तेव्हाच कळलं होतं. दरपत्रक आखणाऱ्यांपर्यंत ते पोहोचलेलं दिसत नाही.

दक्षिणेत सरकारांनी हा गुंता कायद्यानं सोडवायचा प्रयत्न केला. तमिळनाडूत तिकिटावर वर्षानुवर्षं कमाल मर्यादा आहे. सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकानं सप्टेंबर २०२५ मध्ये नियम केला: कुठल्याही थिएटरात, मल्टिप्लेक्स धरून, तिकीट कर वगळून २०० रुपयांच्या वर नको, फक्त ७५ किंवा त्याहून कमी खुर्च्यांच्या आलिशान पडद्यांना सूट. काही दिवसांतच उच्च न्यायालयानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. पुढं खंडपीठानं मल्टिप्लेक्सना सांगितलं की विकलेल्या प्रत्येक तिकिटाचा हिशेब ठेवा, म्हणजे सरकार जिंकलं तर जादा पैसे प्रेक्षकाला परत करता येतील. ही अट घेऊन मल्टिप्लेक्सवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ नोव्हेंबर २०२५ च्या सुनावणीत न्यायमूर्ती विक्रम नाथ यांनी पाण्याच्या बाटलीला शंभर आणि कॉफीला सातशे रुपये घेता, दर आवाक्यात आणले नाहीत तर थिएटरं ओस पडतील, अशा शब्दांत कानउघाडणी केली, आणि हिशेबाच्या त्या अटीला स्थगितीही दिली. बाटली आणि कॉफी न्यायालयातल्या बोलण्यात आली खरी, पण कर्नाटकाचा नियम फक्त तिकिटाचा होता. खाण्याच्या काउंटरला त्यानं हात लावलेला नव्हता.